मीटरला उजेड दिसतो, मला का नाही?

प्रिय ताई,

माझं वय ५२. हिशेब तपासण्याच्या विभागात आहे, काम सगळं संगणकावर, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. आठ महिन्यांपूर्वी आमच्या बसायच्या जागा बदलल्या. आधी मी खिडकीलगत होते, आता आतल्या बाजूला चौथ्या रांगेत आहे. खिडकीशी जे सहकारी बसतात ते आल्या आल्या पडदे खाली सोडतात, कारण त्यांच्या स्क्रीनवर चमक येते. मग दिवसभर फक्त वरचे दिवे. अकराच्या सुमाराला मला जांभया सुरू होतात. तीन वाजता तर आकड्यांची ओळच सुटते, एकच बेरीज तीनदा करावी लागते. घरी पोचेपर्यंत डोकं जड झालेलं असतं आणि सगळ्यांवर चिडचिड होते. तक्रार केली, तर एक गृहस्थ मीटर घेऊन आले. टेबलावर ठेवला, आकडा आला ५२०. "५०० लागतो, तुमच्याकडे जास्तच आहे," म्हणाले आणि गेले. साहेब म्हणतात, रात्री लवकर झोपत जा. घरचे म्हणतात, जागा गेली म्हणून रुसली आहेस, हे मनाचे खेळ आहेत. ऑनलाइन निळसर पांढऱ्या उजेडाचे, 'उत्साह वाढवणारे' टेबल-दिवे दिसतात. घेऊ का? की खरंच माझ्याच मनाचे खेळ आहेत हे?

– मिणमिणती

मिणमिणतीबाई,

आधी त्या मीटरवाल्या गृहस्थांवरचा राग सोडा. त्यांनी जे मोजलं ते बरोबरच मोजलं. फक्त तुमची तक्रार ज्याबद्दल होती ते मोजलं नाही. टेबलावर आडवा ठेवलेला मीटर सांगतो की टेबलावरच्या कागदाला किती उजेड मिळतो. ५०० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आकडा आहे तो त्यासाठीच. लिहिणं, वाचणं, टंकलेखन अशा कामांना युरोपच्या प्रमाणकात तेवढा उजेड कामाच्या पृष्ठभागावर सांगितलेला आहे आणि इतर ठिकाणचे नियमही फार लांब नाहीत. अक्षर नीट दिसावं, डोळ्यांना ताण पडू नये, हा त्यामागचा हेतू. समोर बसलेला माणूस जागा राहावा हा हेतू त्यात नव्हताच. कारण हे आकडे रुजले तेव्हा डोळ्याचं दुसरं काम, मेंदूला दिवस-रात्र कळवण्याचं, कुणाला धड ठाऊकच नव्हतं.

हे दुसरं काम कळलं त्याची हकीकत मला फार आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगते. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही पूर्ण अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर रात्री प्रखर उजेड टाकला. त्यांना तो दिसत नव्हता, दिवा लागलाय की नाही हेही सांगता येत नव्हतं. तरी त्यांतल्या काहींच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची वर्दी देणारं संप्रेरक, झपाट्याने उतरलं. दृष्टी गेलेली असूनही डोळा मेंदूला 'उजाडलं' असं कळवत होता. मग कळवत कोण होतं? १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांच्या गटाला बेडकाच्या कातडीत मेलॅनोप्सिन नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं. दोनच वर्षांत ते माणसाच्या डोळ्याच्या पडद्यातही सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या डोळ्यात दाखवून दिलं की काही पेशी स्वतःच उजेड ओळखतात आणि तो निरोप थेट मेंदूतल्या घड्याळाकडे पाठवतात. शेकडो वर्षं डोळा उघडून पाहणाऱ्या शास्त्राच्या नजरेतून पेशींची ही एक अख्खी जात निसटली होती!

या पेशींना चित्र दिसत नाही. त्या फक्त उजेड किती आहे आणि किती वेळ आहे याची नोंद ठेवतात, तीही सावकाश. निळसर उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, त्या सगळ्यांत जास्त दाद देतात. निरभ्र आकाशात नेमका तोच भरपूर असतो. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा केंद्राला जातो. तिथे जेमतेम वीस हजार पेशी असतील, पण शरीराचा दिवस आणि रात्र त्या ठरवतात. जागं ठेवणाऱ्या इतर केंद्रांनाही या निरोपाची शाखा जाते. त्यामुळे उजेड एकाच वेळी दोन गोष्टी करतो. घड्याळ जुळवतो, आणि त्या क्षणी थोडं तरतरीतही करतो.

आता तुमचं टेबल. तुमचा डोळा टेबलाकडे तोंड करून वर पाहत बसलेला नसतो, तो समोर स्क्रीनकडे पाहतो. छतातला दिवा उजेड सरळ खाली ओततो. टेबल लख्ख होतं, आणि डोळ्यात शिरतो त्याचा अर्धाच भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी. तुमच्या टेबलावर ५२० असेल तर डोळ्यांशी २०० असणं मला मुळीच नवल वाटणार नाही. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पहिल्यांदा डोळ्याच्या हिशेबाने आकडे सांगितले. दिवसा, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, उभ्या दिशेने मोजलेला किमान २५०. झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०. झोपेच्या खोलीत १. पण हे साधे लक्स नव्हेत, त्या निळ्याच्या आवडीनुसार वजन लावलेले लक्स आहेत. या हिशेबात पिवळसर 'वॉर्म व्हाइट' दिव्याच्या लक्सला जेमतेम निम्मी किंमत मिळते. दिवसाच्या उजेडाला जवळपास पूर्ण मिळते.

आणि दिवसाचा उजेड केवढा असतो? आपला डोळा इतका जुळवून घेणारा आहे की आपल्याला अंदाजच येत नाही. लख्ख उन्हात एक लाख लक्सपर्यंत. पार ढगाळलेल्या दिवशीसुद्धा बाहेर काही हजार. तुमच्या कार्यालयात पाचशे, तेही टेबलावर. म्हणजे मेंदूच्या घड्याळाच्या दृष्टीने तुम्ही सकाळी साडेनऊला संधिप्रकाशात जाऊन बसता आणि सहाला उठता. अकराला येणारी जांभई मला तरी समजण्यासारखी वाटते. आधी खिडकीलगत होतात तेव्हा तुम्हाला नकळत खुराक मिळत होता, तो आता बंद झाला आहे.

तुमच्या वयाचाही यात वाटा आहे, तो कुणी सांगितला नसेल. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांश उजेड पोचतो, आणि निळा तर सगळ्यांत जास्त अडतो. शेजारच्या टेबलावरची पंचवीस वर्षांची मुलगी त्याच दिव्याखाली टवटवीत बसत असेल, तर ते तुमच्या नाटकाचं लक्षण नव्हे.

इथवर वाचून तुम्ही दिव्याची ऑर्डर द्यायला निघाला असाल तर थांबा. शरीरात काय घडतं ते ठाऊक असणं वेगळं, आणि कार्यालयात दिवे बदलून माणसं खरोखर किती सुधारली ते वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा अगदी तोकडा आहे. दिवसपाळीच्या कामगारांवर उजेडाचा परिणाम तपासणारे प्रयोग गोळा करून २०१८ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, एक आढावा प्रसिद्ध केला. अभ्यासकांच्या चाळणीतून उरले फक्त पाच प्रयोग, सगळी मिळून माणसं २८२. त्यातून निघालं ते असं की जास्त निळसर, पांढऱ्या उजेडात झोपाळूपणा कमी होत असावा. मनःस्थिती सुधारते असं म्हणण्याइतका आधार मात्र मिळाला नाही, आणि एकूण पुराव्याचा दर्जा कमी ते अगदी कमी. यातला एक प्रयोग २००८ चा. एका कार्यालयाच्या दोन मजल्यांवरच्या ९४ जणांना चार आठवडे नेहमीच्या पांढऱ्या आणि चार आठवडे खूपच निळसर, १७ हजार केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका रंग निळसर) दिव्यांखाली बसवलं होतं. लोकांनी सांगितलं की तरतरी वाढली, संध्याकाळचा थकवा कमी झाला. पण दिवा बदललाय हे प्रत्येकाला दिसत होतंच की. औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी खोटी गोळी देतात, तशी दिव्याची खोटी गोळी बनवता येत नाही, ही या विषयाची जुनी अडचण आहे.

आणखी एक प्रयोग नेहमी पुढे केला जातो. दोन रात्री कमी झोपू दिलेल्या लोकांना दुपारी १००० लक्समध्ये बसवलं तर त्यांची पेंग कमी झाली. खरं आहे, पण तुलना होती ५ लक्सपेक्षा कमी उजेडाशी. तेवढ्या अंधारात हिशेब तपासायला कोण बसतं?

आता मनाचे खेळ. घरच्यांना हा शब्द सहज सुचला असेल, पण उजेड आणि कामगार या विषयाची सुरुवातच मुळी या प्रश्नाने झाली आहे. १९२४ मध्ये शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे पाहायचं होतं. पुढे दंतकथा अशी झाली की उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं खुलली. २०११ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली गेली तेव्हा दंतकथेतला परिणाम त्यात फारसा सापडलाच नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात मात्र ती अजून शिकवतात. गोष्ट चांगली असली की आकडे बिचारे काय करणार!

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००६ चा एक अभ्यास. चार वेगवेगळ्या देशांत, विषुववृत्तापासून कमी-जास्त अंतरावर काम करणाऱ्या ९८८ लोकांना त्यांच्या कामाच्या जागेचा उजेड आणि त्यांची मनःस्थिती विचारली. ज्यांना उजेड फारच कमी वाटत होता त्यांची मनःस्थिती सगळ्यांत खालावलेली. 'अगदी बरोबर आहे' म्हणणाऱ्यांची सगळ्यांत चांगली. 'फार जास्त' वाटणाऱ्यांची पुन्हा उतरलेली. आणि मीटरने मोजलेल्या लक्सचा मनःस्थितीशी काही ठोस संबंध लागला नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण तुमच्या पत्राचं उत्तर मला त्यात दिसतं. तुम्ही दोन तक्रारी एका दोरीत बांधल्या आहेत, पेंग आणि चिडचिड. पेंगेचं खापर मी बऱ्याच अंशी उजेडावर फोडेन. चिडचिडीचं नाही. आठ महिने तुमच्या उजेडाचा पडदा दुसऱ्याच्या हातात आहे. तुम्हाला न विचारता जागा गेली, तक्रार केली तर एक आकडा दाखवून तोंड बंद केलं, वर झोपेचा उपदेश. यावर कुणीही चिडेल, अगदी लख्ख उन्हात बसवलं तरी. घरचे म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे. मनाचे खेळ हा शब्द मात्र चुकीचा. दिव्याने हे दुखणं जाणार नाही. तो पडदा जाग्यावरून हलला तर जाईल.

म्हणून आधी त्या खिडकीजवळच्या सहकाऱ्यांकडे जाऊ. तुमच्या पत्रात ते खलनायक झालेत, पण त्यांची अडचण खरी आहे. स्क्रीनवर खिडकी चमकत असेल तर माणूस वाकडी मान करून काम करतो आणि दुपारी त्याचंही डोकं दुखतं. पडदा हे त्यांनी शोधलेलं सोपं उत्तर. त्याची खोड अशी की सकाळी दहा मिनिटांच्या तिरिपेसाठी खाली आलेला पडदा ऊन सरकल्यावर परत वर जात नाही. मी पाहिलेल्या प्रत्येक कार्यालयात हेच पाहिलं. पडदा खाली ओढायला कारण लागतं, वर न ओढायला नुसता आळस पुरतो.

त्यांच्याशी बोलताना 'तुमच्यामुळे मला त्रास होतो' असं सुरू करू नका. 'तुमच्या स्क्रीनवरची चमक घालवू या का?' असं विचारा. मग त्यांचं टेबल पाहा. स्क्रीन खिडकीसमोर असेल, म्हणजे ते खिडकीकडे पाठ करून बसत असतील, तर चमक येणारच. ते खिडकीकडे तोंड करून बसत असतील तर स्क्रीनमागून उजेड येऊन डोळे दिपणार. दोन्हींवर तोडगा एकच, स्क्रीन काटकोनात फिरवायची, म्हणजे खिडकी त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. टेबल हलवावं लागेल, तारा ओढाव्या लागतील, अर्ध्या तासाचं काम आहे. पडदे आडव्या पट्ट्यांचे असतील तर ते पूर्ण वर न्यायचीही गरज नाही. पट्ट्या अशा कलत्या करा की बाहेरचा उजेड छताकडे फेकला जाईल. सहकाऱ्यांच्या डोळ्यात ऊन जात नाही, आणि छतावरून परतलेला उजेड आतल्या रांगांपर्यंत येतो. ऊन थेट येतं ते दिवसातून काही ठरावीक तास. तेवढेच तास पडदा खाली, बाकी वेळ वर, असं ठरवून घ्या. आणि दोरी कुणी ओढायची तेही ठरवा. ते काम तुम्हीच मागून घ्या असं माझं मत आहे.

यानेही चौथ्या रांगेत किती उजेड पोचेल याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. वास्तुरचनेतला ढोबळ हिशेब असा की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितक्या उंचीवर, त्याच्या दोन ते अडीच पटींपर्यंत आत कामापुरता उजेड शिरतो. कड दोन मीटरवर असेल तर चार-पाच मीटर. चौथी रांग त्या सीमेवर असेल किंवा बाहेर. तरीही दूरवर का होईना, नजरेला आकाशाचा तुकडा दिसणं आणि दिवसभर राखाडी पट्ट्या दिसणं यात फरक आहे, निदान मला तरी तो फार जाणवतो. आणि जागा बदलून मागता येत असेल तर मागा. सगळा दिवस नको, सकाळचे दोन तास एखाद्या खिडकीजवळच्या मोकळ्या टेबलावर बसून तपासणीचं काम करता येईल का, विचारा. अशी एक तरी जागा असते, बैठकीची खोली, नाहीतर कुणीतरी रजेवर असतं.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र दाराबाहेर आहे. कामाला बसण्याआधी वीस मिनिटं उघड्यावर चाला. वाहनातून उतरून एक थांबा आधीपासून चालत आलात तरी चालेल. सकाळचाच उजेड का, तर आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालतं, सरासरी काही मिनिटं जास्त घेतं. सकाळचा उजेड त्याला रोज पुढे ढकलून वेळेवर आणतो. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा दहा-पंधरा मिनिटं. सावलीत उभ्या राहिलात तरी कार्यालयाच्या कित्येक पट उजेड मिळतो, सूर्याकडे बघायची मुळीच गरज नाही, बघूच नका. दुपारी तीनची सुस्ती यामुळे पूर्ण जाणार नाही, हे सांगून ठेवते. ती शरीराच्या घड्याळातच लिहिलेली आहे, जेवला नाहीत तरी येते. त्या तासाला बेरजा करू नका. फोन, फाइली लावणं, उभं राहून करायची कामं त्या वेळेसाठी ठेवा आणि अवघड तपासणी सकाळी उरका.

टेबल-दिव्याबद्दल विचारलंत. घेऊ नका, निदान आत्ता नको. टेबलाकडे झुकवलेला दिवा पुन्हा टेबलालाच उजळतो, आणि तुमचं टेबल आधीच ५२० आहे! तो डोळ्याकडे वळवला तर डोळे दिपतील, शेजारीही वैतागेल. औषध म्हणून वापरतात ते प्रकाश-पेटारे वेगळे. ऋतू बदलला की येणाऱ्या नैराश्यावर ते उपयोगी पडतात, साधारण १०,००० लक्स, सकाळी अर्धा तास, ठरलेल्या अंतरावरून. पण डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, द्विध्रुवी (बायपोलर) विकार असेल, किंवा उजेडाची संवेदना वाढवणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच 'उत्साहवर्धक' दिव्यांच्या खोक्यावर केल्विनचा आकडा ठळक असतो आणि डोळ्याशी किती लक्स मिळणार हे कुठेच नसतं. ६५०० केल्विन म्हणजे रंग. मिणमिणता दिवासुद्धा निळा असू शकतो. आणि निळा उजेड अडवणारे चष्मे? तुमचा प्रश्न तो नव्हता, पण पुढचं पत्र त्याचंच येईल म्हणून सांगते. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असा भरवसा कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यातही मिळाला नाही. तुमच्या बाबतीत तर दिवसा तोच हवा असलेला उजेड अडवायला पैसे मोजल्यासारखं होईल.

डोकं जड होतं लिहिलंत, त्याचा एक वेगळा तपास करून घ्या. तरुणपणी मी एका ठिकाणी मुद्रितं तपासायचे. तीन माणसं, एक खोली, वर चार ट्यूबलाइट. दुपारपर्यंत तिघांचंही कपाळ ठणकायचं. आम्ही समजायचो, बारीक टाइपामुळे. एकदा चोक जळाला, वायरमनने सगळेच जुने काढून इलेक्ट्रॉनिक चोक बसवले, आणि दोन आठवड्यांनी लक्षात आलं की डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी ड्रॉवरात तशीच पडून आहे. खूप नंतर वाचलं की १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये नेमकी हीच अदलाबदल करून पाहिली होती, आणि डोकेदुखी-डोळेदुखी सरासरी निम्म्याहून कमी झाली होती. जुना चोक ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा उजेड कमी-जास्त करतो. डोळ्याला दिसत नाही, पण मज्जासंस्थेला कळतं. एलईडी आले म्हणून हा त्रास संपला असं नाही, स्वस्त ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग) एलईडी तसेच फडफडतात. तपासायचं सोपं आहे. फोनच्या स्लो-मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा, काळे पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर शंका घ्या. किंवा दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. एकसंध पुसट पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा फडफडतोय. ही तक्रार साहेबांना पटकन कळते, कारण ती त्यांच्याच फोनवर दाखवता येते.

साहेबांचा झोपेचा उपदेश उद्धट असेल, पण टाकाऊ नाही. खिडकी आणि झोप यांचं नातं उलट दिशेनेही आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, दिवसपाळीच्या ४९ लोकांत, खिडकी असलेल्या जागी काम करणारे रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. खिडकी मिळणारे आणि न मिळणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, त्यामुळे मी त्या ४६ वर घर बांधणार नाही. पण दिवसा भरपूर उजेड घेतलेल्या माणसावर संध्याकाळच्या दिव्यांचा परिणाम कमी होतो, हे माहीत आहे. तुमचं बहुधा उलट चाललंय. दिवसा संधिप्रकाश, आणि घरी गेल्यावर स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात वर लखलखीत पांढरे दिवे, मग उशाशी फोन. झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांत वरचे दिवे मालवून खालचा, पिवळा, एखादाच दिवा ठेवून बघा. घरच्यांना आधी विचित्र वाटेल.

आणि स्पष्टच लिहिते. ५२ व्या वर्षी रात्री घाम येऊन झोप मोडत असेल, घोरणं वाढलं असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर उजेडाच्या नादात ते मागे टाकू नका. रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडणं, पाळी जाण्याच्या काळातली झोपमोड, नैराश्य, यातलं प्रत्येक दुखणं दुपारी तीनला बेरीज चुकवू शकतं. महिनाभर सकाळचं चालणं आणि पडद्याचा तह पाळून पाहा. फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. रोज दोनच ओळी लिहून ठेवा, अकरा वाजता आणि तीन वाजता, झोप किती वाटते त्याला एक ते नऊमधला आकडा. डॉक्टरांनाही तो कागद उपयोगी पडेल. (आणि बाहेर चालल्याने ड जीवनसत्त्वही मिळेल, जे खिडकीच्या काचेआडून मिळत नाही. काच त्यासाठी लागणारे किरण अडवते.)

राहिला साहेबांना द्यायचा अर्ज. त्यात 'मला उदास वाटतं' असं लिहू नका. ते खरं असलं तरी त्याला पुन्हा झोपेचाच उपदेश मिळेल. तीनच मागण्या लिहा. स्क्रीन काटकोनात फिरवण्याची परवानगी, थेट ऊन नसताना पडदे उघडे ठेवायचा नियम, आणि मोजमाप पुन्हा. मीटरवाले आले की त्यांना तुमच्या खुर्चीत बसायला सांगा. मीटर टेबलावर नको, जमिनीपासून सव्वा मीटरवर, डोळ्यांशी, तोंड स्क्रीनकडे करून धरायचा. एक आकडा पडदे खाली असताना घ्यायचा, एक वर असताना, सकाळी अकराला. दोन्ही आकडे तुमच्या अर्जावर त्यांच्या सहीने लिहून घ्या, आणि मला कळवा किती आले.

– ताई